कॉइल चांगली, पण बॉडी लागलेली: ट्रेलरच्या फ्रिजचं एक प्रकरण

मिशिगनमध्ये ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे ओढून न्यायचं फिरतं घर, बाळगणाऱ्यांचा हंगाम एप्रिलच्या शेवटी सुरू होतो. ऑक्टोबरात पाण्याच्या नळ्या रिकाम्या करून झाकून ठेवलेली गाडी बर्फ गेलं की घरासमोर आणायची, धुवायची, बॅटरी जोडायची आणि फ्रिज लावून बघायचा. हे प्रकरण अशाच एका गाडीचं आहे. डेट्रॉइटच्या पश्चिमेला नोव्हायमध्ये राहणाऱ्या एका मित्राचा हा चोवीस फुटी, सेकंडहँड घेतलेला ट्रेलर. त्यातला फ्रिज टू-वे, म्हणजे १२० व्होल्टवरही चालणारा आणि प्रोपेन गॅसवरही.

तक्रार सांगायला विचित्र होती. फ्रिज गार होत होता, पण गॅसचा सिलिंडर रिकामा झाला होता. गाडी तर घरासमोर, गराजमधल्या सॉकेटला जोडलेली. मग गॅस जळला कशासाठी? पुढच्या खेपेला बॅटरीही उतरली, फ्रिजचे दिवे गेले आणि आत ठेवलेलं पार्टीचं श्रीखंड आंबून गेलं. गराजमध्ये जाऊन बघितलं तर जीएफसीआय पडलेला.

जीएफसीआय म्हणजे आपल्याकडच्या ईएलसीबी-आरसीसीबीचा अमेरिकन भाऊ, फक्त स्वभावाने फार हळवा. घरात लावतो तो आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअरला पडतो. हा ४ ते ६ मिलिअँपिअरलाच पडतो. अमेरिकेच्या वायरिंग नियमांत गराजच्या सॉकेटला तो १९७८ पासून सक्तीचा आहे. एका तारेने गेलेला करंट दुसरीने पूर्ण परत आला नाही, वाटेत थोडा कुठेतरी अर्थला गेला, की हा तोडून मोकळा.

एवढं कळल्यावर सिलिंडरचं कोडं सुटतं. फ्रिज 'ऑटो'वर ठेवला की वीज असेपर्यंत विजेवर चालतो आणि वीज गेली की आपोआप गॅस पेटवतो. जीएफसीआय पडला, फ्रिजने टकटक करत ज्योत लावली, आतलं दूध गारच राहिलं, कुणाला काही कळलंच नाही. त्याच वेळी गाडीची बॅटरी चार्ज करणारा कन्व्हर्टरही बंद पडलेला. फ्रिज गॅसवर असला तरी त्याच्या कंट्रोल बोर्डाला १२ व्होल्ट लागतातच. बॅटरी उतरली, बोर्ड झोपला, गॅसचा व्हॉल्व्ह मिटला, श्रीखंड गेलं. चार वेगळ्या तक्रारी दिसत होत्या, मूळ एकच होतं.

मूळ सापडायच्या आधी खर्च मात्र बराच झाला. आधी गराजचा जीएफसीआय बदलला, नवाही पडला. मग केबल बदलली. मग कुणीतरी सुचवलं की जीएफसीआय नसलेल्या सॉकेटला लावा. हा सल्ला ट्रेलरवाल्यांत इतक्या सहज दिला जातो की ऐकून अंगावर काटा येतो. शेवटी गाडी एका दुरुस्तीच्या दुकानात गेली. तिथल्या माणसाने फ्रिजला विजेवर उष्णता देणाऱ्या कॉइलच्या दोन टोकांना मीटर लावला, आकडा बरोबर आला, आणि निदान झालं की कॉइल ठीक आहे, कंट्रोल बोर्ड बदला. मजुरी धरून साडेचारशे डॉलरच्या आसपास.

मधल्या काळात मे महिन्यात एक शनिवार-रविवार हे लोक मिशिगनमधल्याच हॉलंड स्टेट पार्कला जाऊन आले. तिथे ट्रेलरला वीज देण्यासाठी रोवलेल्या खुंट्यावरच्या ३० अँपिअरच्या सॉकेटला गाडी जोडली आणि फ्रिज दोन दिवस विजेवर उत्तम चालला. घरी आल्यावर पुन्हा तेच. त्यामुळे दोष आपल्या गराजच्या वायरिंगमध्येच आहे अशी मित्राची खात्री पटली. खरं तर हॉलंडचा अनुभव उलटंच सांगत होता. खुंट्यावरच्या त्या ३० अँपिअरच्या सॉकेटला बहुधा जीएफसीआय नसतो. गळती तिथेही चालूच होती, तिच्याविषयी ओरडणारं कुणी नव्हतं एवढंच.

मित्राचे सासरे त्या वेळी सांगलीहून आले होते. मित्र त्यांना मामा म्हणतो, म्हणून आम्हीही मामाच म्हणतो. वीज कंपनीच्या उपकेंद्रात आयुष्य घालवलेला माणूस. दुकानाच्या कोटेशनवर चर्चा चालली होती, ते ऐकत चहा पीत बसले होते. कप खाली ठेवून म्हणाले, "जावईबापू, कॉइल तुटलेली नाही हे कळलं. पण बॉडी लागलीय का, ते कुणी बघितलंय का?"

बॉडी लागणं म्हणजे आतल्या तारेतला करंट बाहेरच्या धातूच्या आवरणात गळणं. ते कुणीच बघितलं नव्हतं.

हा फ्रिज चालतो कसा

निदानाचं अर्धं काम यंत्र समजण्यातच होतं, म्हणून थोडं इथे थांबतो. या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली ही जात शोधली आणि १९२५ मध्ये इलेक्ट्रोलक्सने ती घेतली. बंद नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन भरलेलं असतं. खाली बॉयलरला उष्णता दिली की पाण्यातला अमोनिया वाफ होऊन वर जातो, मागच्या पात्यांमध्ये थंड होऊन द्रव बनतो, फ्रीझरजवळ हायड्रोजनच्या सोबतीला आला की कमी दाबात पुन्हा वाफ होतो आणि आतली उष्णता ओढून घेतो. मग पाण्यात विरघळून परत बॉयलरकडे. हलणारा भाग एकही नाही. उष्णता द्यायची आणि गाडी सपाट ठेवायची: जास्तीत जास्त आडवा ३ अंश आणि पुढे-मागे ६ अंश कल या फ्रिजना चालतो. मित्राच्या ड्राइव्हवेचा उतार स्पिरिट लेव्हलने तपासला, तो मुद्दा तिथेच मिटला.

बॉयलर एकच असतो. त्याला उष्णता ज्योतीने द्या नाहीतर विजेच्या कॉइलने, पुढचं सगळं तेच. त्यामुळे गॅसवर फ्रिज व्यवस्थित गार होत असेल, तर नळ्या, अमोनिया, पाती सगळं शाबूत आहे हे सिद्धच झालं. गॅसवरही गार होत नसता, किंवा मागे अमोनियाचा वास आणि नळ्यांवर पिवळी पूड दिसली असती, तर कॉइलला हात लावण्यात अर्थ नव्हता. ती पूड सोडियम क्रोमेटची, नळ्या आतून गंजू नयेत म्हणून घातलेली आणि विषारी. ती दिसली की हात न लावता कूलिंग युनिट गेलं असं समजायचं.

मापं

पहिलं काम, दोष फ्रिजमध्ये आहे की गाडीत हे वेगळं करणं. ट्रेलरच्या पॅनेलमधले ब्रेकर एकेक पाडून बघायची पद्धत आहे, पण ती अपुरी पडते. ते ब्रेकर फक्त फेज तोडतात. न्यूट्रल कुठे अर्थला टेकला असेल तर ब्रेकर बंद असूनही जीएफसीआय पडतो. म्हणून बाहेरची खालची जाळी काढून फ्रिजची पिन सरळ सॉकेटमधून उपसली. बाकी सगळं चालू ठेवलं, जीएफसीआय रात्रभर टिकला. मग फ्रिजची पिन एक्स्टेन्शनने घराच्या दुसऱ्या बाजूच्या जीएफसीआयला लावली. काही मिनिटांत तो पडला. गराज निर्दोष.

लगेच न पडता काही मिनिटांनी पडतो, हाही पुरावाच होता. सरळ शॉर्ट असता तर चालू करताक्षणी पडला असता. इथे काहीतरी तापल्यावर बिघडत होतं.

मग बोर्डावरून कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवल्या आणि फ्रिज विजेवर लावला. रिलेचा आवाज आला, कॉइलच्या टर्मिनलांवर ११८ व्होल्ट मिळाले आणि जीएफसीआय पडला नाही. म्हणजे साडेचारशे डॉलरचा बोर्ड आपलं काम नीट करत होता.

आता उरली कॉइल. फ्रिजच्या आतल्या स्टिकरवर १२० व्होल्ट, ३२५ वॅट लिहिलेलं. व्होल्टचा वर्ग भागिले वॅट: १४,४०० भागिले ३२५, म्हणजे साधारण ४४.३ ओम. मीटरने ४४ दाखवलं. दुकानदाराचा आकडा खोटा नव्हता. कॉइलची तार अखंड होती, ती तापत होती, फ्रिज गार करत होती. तिच्याबद्दलचा अर्धा प्रश्न विचारून तो थांबला होता.

दुसरा अर्धा प्रश्न वायर आणि कॉइलचं बाहेरचं आवरण यांच्यामधला. कार्ट्रिज कॉइल म्हणजे पेन्सिलीपेक्षा जरा जाड धातूची नळी. आत निक्रोमची तार, आणि तार नळीला टेकू नये म्हणून मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासून भरलेली. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज अडवते, पण हवेतला ओलावा शोषते. मिशिगनच्या हिवाळ्यात सहा महिने पडून राहिलेल्या गाडीत ओलाव्याला काय तोटा. साध्या मीटरने वायर ते नळी मोजलं तर आकडा मेगओममध्ये कुठेतरी नाचत होता. घाईतला माणूस तेही ठीक म्हणून सोडून देईल.

म्हणून मेगर लावला. पावसाळ्यानंतर विहिरीची मोटर सुरू करण्याआधी आपल्याकडचा कुठलाही वायरमन जे करतो तेच. मीटर बॅटरीच्या एक-दोन व्होल्टांवर मोजतो, मेगर ५०० व्होल्ट टाकून इन्सुलेशनची खरी ताकद काढतो. दोन्ही वायरी बोर्डावरून सोडवलेल्या आहेत याची पुन्हा खात्री केली, कारण ५०० व्होल्ट बोर्डात गेले तर खरंच नवा बोर्ड घ्यावा लागला असता. थंड कॉइलवर ०.२ मेगओम आलं. मग वायरी जोडून फ्रिज चालवला, जीएफसीआय पडू दिला, पिन काढली आणि गरम असतानाच साध्या मीटरने पुन्हा मोजलं: १८ किलोओम. १२० भागिले १८,००० म्हणजे ६.७ मिलिअँपिअर. जीएफसीआय पडायला पुरेसे, आणि सांगलीच्या घरातल्या ३० मिलिअँपिअरवाल्याने मान वर करून बघितलंही नसतं. मामांनी आकडा कागदावर मांडून जावयाच्या हातात दिला. आवाज चढवायची गरज पडली नाही.

इथे एक शंका रास्त आहे. फक्त ओलावाच असेल तर कॉइल काही तास तापवून तो घालवता येतो, आणि हीटरच्या बाबतीत हे केलंही जातं. पण हॉलंडला दोन दिवस ती तापलीच होती. दोन दिवसांच्या उष्णतेनेही गळती गेली नाही, म्हणजे पुडीला ओल लागण्यापलीकडे नळीचंच काही झालेलं होतं. कॉइल बदलायचं ठरलं.

हॉलंडच्या त्या दोन दिवसांचा विचार मात्र डोक्यातून जाईना. गळलेला करंट तिथे अर्थच्या तारेने निमूटपणे जात होता. ३० अँपिअरच्या ब्रेकरला सहा-सात मिलिअँपिअर म्हणजे काहीच नाही. पण त्या खुंट्याचं अर्थिंग तुटलेलं असतं, तर ट्रेलरचा ॲल्युमिनियमचा पत्रा, लोखंडी पायरी, दाराची मूठ सगळ्यावर करंट आला असता. तलावातून ओल्या पायांनी पळत येणारी मुलं आधी त्या पायरीलाच हात लावतात. आज सात मिलिअँपिअर, कॉइल आणखी फुटल्यावर किती, याची हमी कोण देणार?

काढणं

मापांना एक संध्याकाळ पुरली. कॉइल काढायला जास्त घाम गाळावा लागला.

सुरुवात सगळं बंद करण्यापासून. पिन काढली, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडली, सिलिंडर बंद केला आणि बॉयलर गार होऊ दिला. बॉयलरभोवती पत्र्याचा डबा असतो, स्क्रू काढला की उघडतो. आत खनिज लोकर भरलेली. ती तोंडावर मास्क आणि हातमोजे घालूनच काढायची. लोकरीखाली बॉयलरच्या नळीला चिकटून एक बारीक खोबण वेल्ड केलेली असते, कॉइल तिच्यात बसते. वर पत्र्याची छोटी जीभ वाकवून तिला जागेवर धरलेलं.

जुन्या कॉइलचं वरचं टोक खोबणीच्या कडेपासून किती बाहेर आहे ते काढायच्या आधी मोजून ठेवलं आणि फोटो काढला. हा तपशील सगळ्यांत जास्त चुकतो. कॉइलचा तापणारा भाग ठरलेल्या उंचीवरच हवा. बुडबुडे पाणी वर ढकलतात ती नळी तिथे आहे. कॉइल वर-खाली झाली तर फ्रिज चालू दिसतो, बॉयलर तापतो, आणि आतलं आईस्क्रीम मात्र घट्ट होत नाही.

कॉइल गंजून रुतली होती. वायरी कापून टाकल्या, व्हाइस ग्रिपने टोक धरलं आणि ओढायच्या भानगडीत न पडता डावी-उजवीकडे फिरवायचा प्रयत्न केला. हलेना. मित्र हातोडी घेऊन आला तेव्हा मामांनी ती काढून घेतली. खोबणीला लागून जी नळी आहे तिच्यात दाबाखालचा अमोनिया आणि हायड्रोजन आहे. ती चिरली तर फ्रिज गेला, आणि अमोनिया तोंडावर आला तर डोळ्यांचं काय होईल ते सांगायला नको. ड्रिल तर अजिबात नाही. लोकर तात्पुरती परत भरली, फ्रिज थोडा वेळ गॅसवर चालवून बॉयलर तापवला, बंद करून पूर्ण गार केला. आकुंचन-प्रसरणाने गंज सुटतो. असं दोनदा केल्यावर पकडीत ती कचकन एका बाजूला फिरली, मग दुसऱ्या बाजूला, आणि गंजाची लाल भुकटी सांडत हळूहळू वर आली.

नळी मधोमध करपून निळसर-काळी पडलेली. खालच्या टोकाजवळ ती फुगली होती आणि त्या फुगवट्यावर बोटभर लांब चीर. नखाने टोकरलं तर चिरेतून पांढरी पूड नखात आली. ओलावा आत शिरायची वाट तीच, आणि करंट बाहेर पडायचीही.

डबा उघडाच होता म्हणून बर्नरही बघितला. त्याच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घरटं बांधायला सुरुवात केली होती. ते साफ केलं. आणखी महिन्याभरात गॅसचीही तक्रार आली असती.

बसवणं

नवी कॉइल घेताना वॅट, व्होल्ट, जाडी आणि लांबी चारही तंतोतंत जुळवले. पन्नास डॉलरच्या आत मिळाली. एका विक्रेत्याने जास्त वॅटची 'पटकन गार करणारी' देऊ केली होती. हा मोह टाळायचा. ज्यादा उष्णतेने अमोनियासोबत पाण्याचीही वाफ वर जाते आणि चक्रच बिघडतं. वर बॉयलर वारंवार जास्त तापला की आतला क्रोमेट नळीत साचून ती कायमची तुंबते. कमी वॅटची घेतली तर उन्हाळ्यात पुरत नाही. शिवाय उन्हाळ्यात गर्दीच्या पार्कात व्होल्टेज पडतं, तो हिशोब वेगळाच. उष्णता व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून १२० ऐवजी १०४ व्होल्ट मिळाले की ३२५ वॅटची कॉइल जेमतेम २४४ वॅट देते. अशा वेळी फ्रिज गॅसवर टाकावा, कॉइलला दोष देऊ नये.

बसवण्याआधी नव्या कॉइललाही मेगर लावला. आकडा मेगरच्या पट्टीबाहेर गेला. बारीक वायर ब्रशने खोबण घासून भुकटी काढली, कॉइल कोरडीच आत सरकवली, जुन्या मापाला आणून थांबवली आणि जीभ परत वाकवली. वायरींवरचं काचतंतूचं आवरण तसंच ठेवून त्या धुराड्यापासून लांबून नेल्या. वायर आखूड पडली तर इथे घरातली प्लॅस्टिकची वायर जोडायची नाही, ती वितळते. जुनी लोकर हातात चुरत होती, म्हणून कागद न लावलेली नवी खनिज लोकर घट्ट भरली. लोकर न भरता डबा बंद करणारे लोक बघितले आहेत. त्यांची अर्धी उष्णता बाहेर हवेत जाते, आणि नवी कॉइलही खराब निघाली असं ते सांगत फिरतात.

क्लॅम्प मीटर एका वायरीभोवती धरला: ११७ व्होल्टला २.६ अँपिअर. ४४ ओमला एवढेच यायला हवेत. जीएफसीआय पडला नाही. तासाभरात मागची वरची पाती हाताला गरम लागू लागली. हे फ्रिज कॉम्प्रेसरवाल्यांसारखे तासात गार होत नाहीत, रात्र जावी लागते, त्यामुळे आत फक्त पाण्याच्या बाटल्या ठेवून सगळे झोपायला गेले. सकाळी खालच्या कप्प्यात ३८ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३ सेल्सिअसच्या थोडं वर. जेवणाचे पदार्थ ठेवायला ४० फॅरनहाइटच्या खाली हवं असतं. वहिनींनी नवं श्रीखंड ठेवलं, ते मात्र आणखी एक दिवस बघून.

अर्थिंगची गोष्ट मित्राने मनावर घेतली. आता तो कुठल्याही पार्कात गाडी जोडण्याआधी खुंट्याच्या सॉकेटला टेस्टर लावून अर्थ आहे की नाही बघतो. राहिला गाडीतला वॉटर हीटर. त्याच्यातही कॉइल आहे, ती त्याच वयाची, आणि टाकी रिकामी असताना ती चुकून चालू झाली की क्षणात फाटते. ऑक्टोबरात पाणी काढायच्या आधी तिलाही मेगर लावायचं ठरलं आहे. मामा तोवर सांगलीला परत गेलेले असतील, पण आकडा व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणून बजावून ठेवलंय.